नव्या पोरांसाठी वेबसाइट करताय? मग हे ऐका

पोरांनो, नवीन विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी तुम्ही वेबसाइट करायला घेतली, हे ऐकून फार बरं वाटलं. पावसाळ्याच्या तोंडावर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, वर्धेकडची मुलं नागपुरात गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरतात. हातात बॅग आणि कागदांची फाइल. कित्येकांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कुणी नसतं. माझी नोकरी ॲडमिशनच्या खिडकीमागे गेली. तिथं बसून जे शिकलो ते तुमच्या कानावर घालतो.

१. आधी प्रश्न गोळा करा. कोड लिहायला बसण्यापूर्वी आठवडाभर खिडकीजवळ उभे राहा. पोरं काय विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. संस्थेचा इतिहास कुणी विचारत नाही. टीसी ओरिजिनल द्यायची की झेरॉक्स चालते? होस्टेलची यादी कुठं लागते? फी दोन हप्त्यांत भरता येते का? मेसचा डबा खोलीवर मिळतो का? हेच तुमचे मथळे. 'विद्यार्थी सुविधा' अशा मथळ्याखाली ही उत्तरं दडवली तर ती कुणालाच सापडणार नाहीत.

२. कागदांची नुसती यादी देऊ नका, क्रम द्या. पोरं अडतात ती इथं. आधी जातीचा दाखला, मग जात पडताळणी. आधी उत्पन्नाचा दाखला, मग नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येक कागदापुढे तीन गोष्टी हव्यात: तो कुठं मिळतो, त्यासाठी आधी काय लागतं आणि अर्ज कधी करायचा. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज बारावीत असतानाच करा, हे ठळक लिहा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. खातं जोडलेलं आहे की नाही, ते बँकेत जाऊन बघायला सांगा. आणि टीसी जमा करण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा, ही ओळ सगळ्यात वर असू द्या.

३. जागांची बोलीतली नावं टाका. विश्वेश्वरय्या कॉलेज १९६० चं, २००२ मध्ये त्याचं व्हीएनआयटी झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून व्हीआरसीईच आहे. वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्थेचा पत्ता विचारताना मॉरिस कॉलेज म्हटलं की लवकर कळतं. वैद्यकीय कॉलेजांत मेडिकल वेगळं, मेयो वेगळं आणि एम्स तर पार मिहानमध्ये. १९२३ चं आपलं विद्यापीठही एका आवारात नाही. महाराजबागेजवळची जुनी इमारत निराळी, अमरावती रोडचा कॅम्पस निराळा. कोणतं काम कोणत्या इमारतीत होतं, ते स्पष्ट लिहा. मेट्रोची लाइन सीताबर्डीला बदलते. हिंगणा रोडच्या कॉलेजांसाठी लोकमान्य नगरची गाडी, मिहानकडे जायला खापरीची. शेवटच्या स्टेशनावरून पुढे कसं जायचं तेही सांगा, कारण पोरगं तिथंच बुचकळ्यात पडतं.

४. मराठी युनिकोडमध्येच हवी. आपल्याकडच्या पुष्कळ नोटिसा अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात, नाहीतर स्कॅन करून चिकटवल्या जातात. त्या कॉपी केल्या तर अक्षरांचा चुराडा होतो आणि शोधल्या तर सापडत नाहीत. तेवढा मजकूर नव्यानं टाइप करा. शोधचौकटीत कुणी 'शिष्यवृत्ती' लिहील, कुणी 'स्कॉलरशिप', कुणी रोमन अक्षरांत मराठी, तीही चुकीच्या स्पेलिंगनं. सगळ्यांना उत्तर एकच मिळालं पाहिजे.

५. साधं ठेवा. बघणाऱ्याच्या हातात जुना फोन असेल, डेटा संपत आला असेल आणि तो उन्हात उभा असेल. मोठे फोटो, हलती चित्रं नकोत. अक्षर गडद, पार्श्वभूमी फिकी. वाचनसुलभतेच्या जागतिक निकषात साध्या मजकुरासाठी हा फरक किमान ४.५ ला १ असावा लागतो. तो तपासून घ्या. नुसती एचटीएमएल पानं गिटहबवर फुकट ठेवता येतात. त्याला सर्व्हरचा खर्च नाही आणि पानही पटकन उघडतं.

६. माहिती द्या, मागू नका. लॉगिन नको, मोबाइल नंबर नको, आधार तर मुळीच नको. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची माहिती गोळा केली की ती सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येते. कुणा सीनियरचा खासगी नंबरही टाकू नका. त्याऐवजी कार्यालयाचा नंबर आणि कामाची वेळ द्या. दोन नंबर मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवाच: रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि मनावर ताण आला तर बोलायला टेली-मानस १४४१६. घर सोडून पहिल्यांदा राहणाऱ्या पोराला रात्री त्यांची गरज पडू शकते.

७. प्रत्येक पानावर तपासल्याची तारीख लिहा. मागच्या वर्षीची अंतिम तारीख खरी मानून पोरगं चाललं तर त्याची सीट जाते. फी आणि तारखा स्वतःकडे उतरवून ठेवू नका, सीईटी सेल आणि महाडीबीटीच्या मूळ पानाचा दुवा द्या. ज्याची खात्री नाही, ते पानावर नको.

८. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्याकडून तपासून घ्या. तुमचे मित्र 'मस्त झालं' म्हणतील, त्याचा उपयोग नाही. पहिल्या दिवशी आलेल्या पोराच्या हातात फोन द्या आणि म्हणा, होस्टेलचा अर्ज शोध. मग तोंडातून अवाक्षर काढू नका. त्याचं बोट कुठं थांबतं ते बघा आणि तिथं दुरुस्ती करा. त्याच्या वडिलांनाही दाखवा. फी तेच भरणार आहेत.

९. वारसदार आत्ताच नेमा. अशी कामं शेवटच्या वर्षाची पोरं करतात, पास होऊन पुण्याला जातात आणि साइट तिथंच थांबते. दरवर्षी दुसऱ्या वर्षाची दोन मुलं आणि कार्यालयातला एक माणूस यांच्यावर हे काम सोपवा. पासवर्ड विभागाकडे राहू द्या. काय कसं बदलायचं, ते एका पानावर मराठीत लिहून ठेवा.

खिडकीवर पोरगं दोनदा विचारतं, तिसऱ्यांदा लाजतं आणि गप्प परत जातं. अशानं शिष्यवृत्ती बुडते, कधी वर्षही बुडतं. तुमच्या पानाला कितीही वेळा विचारता येईल, हीच त्याची खरी किंमत. म्हणून बारावीचा निकाल लागण्याआधी पहिली दहा उत्तरं तयार ठेवा. दहाच असू द्या, पण दहाही बिनचूक हवीत.