गोदीतला चँडलर

मुंबईच्या गोदीत जहाजांना माल पुरवणाऱ्या एका पेढीत मी अठरा वर्षं काढली. कांदे-बटाटे, पीठ, दोरखंड, रंगाचे डबे, साबण, इंजिनखोलीतल्या चिंध्या, सगळं आम्ही पोचवायचो. पाटीवर लिहिलेलं होतं, 'शिप चँडलर'.

१. ज्या नावावर पोट चालतं, त्याचा अर्थ विचारून घ्यावा. मी सात वर्षं विचारला नाही. चँडलर हे पेढीच्या जुन्या इंग्रज मालकाचं आडनाव असेल, असं धरून चाललो होतो. एकदा चलनावर सही घेताना एका वयस्क कॅप्टनसाहेबांनी सांगितलं, चँडलर म्हणजे मेणबत्त्या करून विकणारा. त्या रात्री मी आमची मालाची यादी पुन्हा वाचली. मेणबत्ती कुठेच नव्हती.

२. माल बदलतो, नाव टिकतं. लॅटिनमध्ये मेणबत्तीला 'कान्देला' म्हणत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये मेणबत्तीवाल्याचं नाव पडलं आणि नॉर्मन राजवटीनंतर ते इंग्रजीत रुळलं. झुंबराला इंग्रजीत 'शँडेलिअर' म्हणतात, तोही याच घरातला. मेणबत्तीला चरबी लागे आणि साबणालाही, म्हणून दोन्ही एकाच दुकानात मिळत. बंदरातल्या दुकानदाराकडे जहाजं मेणबत्त्यांबरोबर दोर, डांबर, तेलही मागू लागली. मागणी वाढत गेली, पाटी तीच राहिली. हे कळलं तेव्हा मला आमच्या गावचा कासार आठवला. कासार म्हणजे मुळात काशाची भांडी घडवणारा. आई मात्र त्याच्याकडून बांगड्याच भरायची, आणि त्याला कासारच म्हणायची.

३. एका नावात दोन दुनिया असू शकतात. लंडनमध्ये चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्यांचा संघ वेगळा, मधमाश्यांच्या मेणाच्या करणाऱ्यांचा वेगळा. पहिल्याला १४६२ मध्ये चौथ्या एडवर्डकडून सनद मिळाली, दुसऱ्याला १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डकडून. मेणाची बत्ती स्वच्छ जळे. ती चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या घरी. चरबीची धुरकट, वासाची, स्वस्त. ती बाकी सगळ्यांकडे. बेंजामिन फ्रँकलिनचे वडील बॉस्टनमध्ये हाच चरबीचा धंदा करत. दहा वर्षांचा बेंजामिन दुकानात वाती कापायचा, साचे भरायचा. त्याला ते काम मुळीच आवडत नसे. त्याला समुद्रावर जायचं होतं. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. माझं सगळं आयुष्य जहाजाच्या शिडीवर गेलं, आणि ते ज्या नावाखाली गेलं त्या नावापासून हा मुलगा समुद्राकडे पळू बघत होता.

४. कानाला जुळलं म्हणून नातं जोडू नये, पण तपासायचंही सोडू नये. चँडलर आणि चंद्र. मला हा निव्वळ योगायोग वाटला होता. पण लॅटिनमध्ये चमकण्याला 'कान्देरे' म्हणतात, कान्देला त्यातून आला, आणि हे क्रियापद व संस्कृतातला 'चन्द्र' एकाच मुळातून फुटलेले आहेत, असं भाषाशास्त्र सांगतं.

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी नेहमी 'पुरवठादार' लिहायचो. कॉलेजच्या फॉर्मवर 'शिप चँडलर' लिहिलं. तिने विचारलं, "बाबा, म्हणजे काय?" आम्ही गॅलरीत बसलो आणि मी तिला कासारापासून सांगायला सुरुवात केली.