आसूदची दरी आणि मुरूडची पुळण: एका दिवसाची पायवाट

दापोलीहून हर्णैला निघालेली एसटी सहा-सात किलोमीटरवर झाडीत उतरू लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोफळी उभ्या राहतात, हवा गार होते, खाली कुठेतरी पाणी वाहत असतं. ही आसूदबाग. पुष्कळ लोक इथे गाडी लावून केशवराजाचं दर्शन घेतात आणि तासाभरात समुद्राकडे पळतात. मला ही घाई पटत नाही. सकाळ पुरती दरीला द्यावी आणि संध्याकाळ पुळणीला. अख्ख्या दिवसात दमवणारा चढ एकच आहे. गुडघे धड असतील तर आजी-आजोबाही तो टप्प्याटप्प्याने चढतात.

दिवस ठरवताना

नवरात्र उलटल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात दरी हिरवीगार दिसते खरी, पण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि नदी फुगलेली असते. उन्हाळ्यात सावलीतही घामाच्या धारा लागतात.

महिना ठरला की भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहा. किनाऱ्यावर भरतीचं एक जुनं गणित चालतं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आपल्याला संध्याकाळी ओली, घट्ट पुळण चालायला हवी, म्हणून त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतचा एखादा दिवस धरा. अष्टमीला गेलात तर ऐन सूर्यास्ताला पाणी चढलेलं असेल आणि भुसभुशीत कोरड्या वाळूत पाय ओढत चालावं लागेल. गणित अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतं, तेव्हा पाण्यात शिरण्याआधी गावात विचाराच.

रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरावं आणि रस्त्याने दापोली गाठावी. मुक्काम दापोलीत केला तर सकाळची पहिली गाडी मिळते.

काय घ्यावं

तळव्याला खाचा असलेले बूट किंवा पट्ट्याच्या चपला, पाण्याची बाटली, टोपी, एक पंचा. आधाराला काठी असली तर उतरताना बरं वाटतं. यापेक्षा जास्त ओझं नको.

सकाळ: दाबकेवाडी ते केशवराज

आठच्या आत दाबकेवाडीच्या थांब्यावर उतरा. रस्ता सोडून वाडीत शिरलं की पाखाडी सुरू होते. पाखाडी म्हणजे दोन गडग्यांमधून गेलेली दगडी पायऱ्यांची अरुंद वाट. ती कुणाच्या अंगणाशेजारून जाते, कुणाच्या आगराच्या कडेने. फाटा फुटला तर अंदाज बांधत बसू नका, सरळ हाक मारा: ‘काकू, केशवराजाला इकडूनच ना?’ ‘हो हो, इथंच आहे,’ असं उत्तर येईल. कोकणातलं ‘इथंच’ पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत कितीही लांबतं, तेवढं धरून चाला.

इथे पावलं मुद्दाम मंद ठेवा. पोफळी सरळ वर जातात, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल चढलेले असतात, खाली केळी, अननस, मधूनच जायफळाचं झाड. सगळ्यांना पाणी पुरवतो तो पाट. वरून आलेलं पाणी उतारावर एका आगरातून दुसऱ्या आगरात खेळवायचं, ही इथली जुनी रीत. आता पंप आणि नळ्याही आल्या आहेत, पण वाटांची आखणी अजून पाटाच्या आणि बांधाच्या कलाने चालते. म्हणूनच त्या कधी दमवत नाहीत. पाणी जसं सावकाश उतरतं तशा त्या उतरतात.

मधेच बागेत भगदाड पडल्यासारखं ऊन दिसेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरची माडा-पोफळीची आगरं आडवी केली. लावलेली पोफळ उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं सहज जातात, त्यामुळे जुन्या उंच झाडांशेजारी तरणी झाडं का उभी आहेत ते कळेल. पडलेली सुपारी उचलू नका, ती कुणाचं तरी पीक आहे. खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीवरून तर मुळीच चालू नका. पोफळीची गळालेली विरी मात्र पोरांना हाताळू द्या. तिच्यावर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, हा इथल्या मुलांचा खेळ.

खाली उतरल्यावर साकव लागतो. नदीपात्र लहान, दगडगोट्यांनी भरलेलं. साकवावर थांबून श्वास घ्या, कारण पलीकडे तो एकुलता एक चढ आहे. पायऱ्या उंच आहेत, सावली दाट आहे. दर पन्नास-साठ पायऱ्यांवर थांबा. बोलत चढू नका, दम लागतो. पंधरा-वीस मिनिटांत सगळे वर येतात. जे मागे राहतात त्यांच्यासाठी पुढच्यांनी थांबावं, वरून हाका मारून घाई करू नये.

वर केशवराजाचं दगडी देऊळ आहे, विष्णूचं. आवारात गोमुखातून डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पडत असतं. ते दगडी पन्हळीतून इथवर आणलं आहे. आधी घाम पुसा, मग हातपाय धुवा. लगेच उतरू नका. झाडी एवढी दाट आहे की इथून देखावा असा काही दिसत नाही. ज्यांना वर चढलं की समुद्र दिसलाच पाहिजे असं वाटतं त्यांची थोडी निराशा होते. इथे बसून ऐकायचं असतं: पाणी, पक्षी, खालच्या वाडीतली एखादी हाक.

उतरताना काठी पुढे टेका आणि पाय आडवा ठेवा. ओल्या दगडावर टाच आधी टेकली की घसरलातच.

जेवणाआधी व्याघ्रेश्वर

दाबकेवाडीत परतल्यावर आसूदचं दुसरं देऊळ पाहायचं, व्याघ्रेश्वराचं. ही वाट जवळजवळ सपाट आहे, तिचं वेगळं वर्णन नको. कोकणस्थांच्या अनेक घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे पुण्या-मुंबईची मंडळी इथे हमखास भेटतात. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) वाचलेल्यांना हा मुलूख ओळखीचा वाटेल. पेंडसे याच तालुक्यातल्या मुर्डीचे. कादंबरी वाचली नसेल तर इथून घरी गेल्यावर वाचा. आधी वाचून आलेले लोक दर झाडाखाली बापू शोधत बसतात.

जेवण घरगुती खानावळीत घ्या, पण सकाळी दरीत उतरायच्या आधी सांगून ठेवा. माणसं किती, शाकाहारी किती, मोदक हवेत का, हे आधी कळलं तरच चूल वेळेवर पेटते. ऐन बाराला दारात उभं राहून उकडीचे मोदक मागू नयेत.

दुपारनंतर मुरूड

आसूद ते मुरूड चालू नका. डांबरी रस्ता अरुंद, वळणाचा, वाहनांचा. त्यात काही गंमत नाही. रिक्षा किंवा एसटी करा.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. चालायला आलेल्यांनी त्यांची एक गोष्ट लक्षात ठेवावी: मुलगा असताना ते परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, भर पावसात, सह्याद्री चढून. वयाने लहान दिसतो म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही.

गावातून दुर्गादेवीच्या देवळावरून पुळणीकडे जा. चारनंतर ऊन कलतं. पाण्याच्या कडेने, पण ओल्या घट्ट वाळूवरून, दक्षिणेला कर्द्याच्या दिशेने चाला. वाटेत ओढ्याचं तोंड आडवं आलं तर घोट्यापर्यंतच्या पाण्यातूनच पलीकडे व्हा; त्याहून खोल वाटलं तर मागे फिरा. पुळणीवर गाड्या आणि घोडागाड्या फिरतात, मुलांचा हात सोडू नका. ज्यांना जमेल त्यांनी कर्द्यापर्यंत जावं, बाकीच्यांनी दमले तिथून परतावं. हर्णैचा मासळीचा लिलाव आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती यांच्यासाठी दुसरा दिवस ठेवा. याच दिवसात कोंबलेत तर दोन्ही धावतपळत होतील.

दापोलीला परतायची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा. ती चुकली तर रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवून मगच बसा.