गांजाबद्दल वाचताना

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज आणि सोबतच्या सगळ्या लिंक वाचल्या. वादविवाद स्पर्धेत ‘गांजा कायदेशीर करावा’ या विषयाच्या बाजूने तुला बोलायचं आहे आणि नेटवर जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो आहे, असं तू लिहिलंस. एक जण गांजाला संजीवनी म्हणतो, तर दुसरा सर्वनाश. होस्टेलमधली काही मुलं ओढतात, हेही तू माझ्यापासून लपवलं नाहीस. हे मोकळेपण मला मोलाचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात, मुलांना संदर्भ काढून देण्यात गेली. कुणी एखादी गोष्ट ठासून सांगितली, की ती मुळात कुठून आली हे पाहायची सवय तिथे लागली. गांजाच्या बाबतीत ती किती कामाची आहे, हे दाखवणारा प्रकार आपल्याच देशात घडलेला आहे.

१८९१ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न आला, की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजामुळे भरत आहेत का? १८९३ साली सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. कमिशनने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इस्पितळांच्या नोंदवह्या उघडल्या. त्यात ‘वेडाचं कारण’ असा एक रकाना होता आणि कित्येक रुग्णांपुढे ‘गांजा’ लिहिलेलं होतं. ते लिहिलं कुणी, याचा माग काढला तेव्हा कळलं, की रुग्णाला आणणाऱ्या पोलिसांच्या कागदावरून ते उतरवून घेतलेलं असे. रकाना रिकामा ठेवायचा नसे, माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की काम भागे. हीच आकडेवारी वर्षानुवर्षं सरकारी अहवालांत छापली जात होती आणि जाणकार डॉक्टरही ती खरी मानत होते. कमिशनने १८९२ सालची प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली, तेव्हा त्यातली बरीचशी टिकली नाहीत.

पण अहवाल तिथेच थांबत नाही. माफक सेवनाने सहसा अपाय दिसत नाही, संपूर्ण बंदी नको, असं त्यात म्हटलं आहे. आणि अतिसेवन घातक आहे, त्याने वेडही लागू शकतं, हेही म्हटलं आहे. गांजाचे समर्थक पहिलं वाक्य उचलतात, विरोधकांना दुसरं सोयीचं वाटतं. शिवाय गांजावर सरकारला कर मिळत होता, ही गोष्टही वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हा अहवाल नेटवर फुकट ठेवला आहे. निदान निष्कर्षांचं प्रकरण स्वतः वाच. तुझ्या भाषणाला त्यानेच वजन येईल.

आता तुझ्या लिंकांकडे वळू. ‘संयुक्त राष्ट्रांनी गांजाला ड्रग्जच्या यादीतून काढलं’ असं एकीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये मतदान झालं, भारताने बाजूने मत दिलं, हे खरं. पण अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या करारातल्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टातून गांजा निघाला. पहिल्या परिशिष्टात तो आजही आहे. वैद्यकीय उपयोगाची दखल घेतली गेली, नशेला परवानगी मिळाली नाही.

दुसरीत ‘भारतात एक किलोपर्यंत गांजा चालतो’ असं लिहिलं आहे. हे वाचून मी हबकलो, कारण यावर विसंबून एखादं पोर सरळ तुरुंगात जाईल. १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात एक किलो ही ‘अल्प मात्रे’ची मर्यादा आहे. तेवढ्यापर्यंत शिक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. आणि ही कमी शिक्षासुद्धा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. नुसतं ओढल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भांगेचं उदाहरण सगळे देतात. त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून भांगेवर राज्यांचे आपापले नियम चालतात. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठवली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. तिथल्या कायद्याने पुण्यातल्या होस्टेलच्या खोलीत तुला कसलंही संरक्षण मिळत नाही.

तिसरी लिंक औषधाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये तोवरचं संशोधन तपासून मोठा अहवाल काढला. मोठ्या माणसांच्या जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि उलट्या यांवर उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याच अहवालात, जितकं सेवन वारंवार तितका स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांचा धोका जास्त, यालाही भक्कम पुरावा असल्याचं नोंदवलं आहे. तुला आलेल्या व्हिडिओत पहिला भाग आहे, दुसरा गाळला आहे. अपस्मारावरचं जे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, त्यात गांजाच्या झाडातला सीबीडी हा घटक आहे. नशा आणतो तो टीएचसी. सीबीडीचे गुण सांगून टीएचसीचा माल खपवणारे नेटवर भरपूर आहेत. मालही पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ साली ४ टक्क्यांच्या आसपास होतं, आता ते १५ टक्क्यांच्या वर गेलं आहे. त्यामुळे ‘साधू-बैरागी शतकानुशतकं ओढत आले’ हा युक्तिवाद आजच्या मालाला लागू पडत नाही.

म्हणून यापुढे गांजाबद्दल काहीही वाचलंस, की विचार: कुठला पदार्थ, किती प्रमाणात, कोणत्या वयात, कोणत्या देशात? आणि सांगणारा त्यातून काय कमावतो? यांची उत्तरं ज्यात नाहीत, ते वाचून सोडून दे.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. कायदा कसा असावा आणि मी काय करावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नेटवरच्या चर्चेत ते सर्रास एकमेकांत मिसळतात. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकण्यापेक्षा उपचार द्यावेत, असं मलाही वाटतं. तू ते स्पर्धेत जोरात मांड. पण कायदा बदलावा असं वाटणं म्हणजे विशीच्या आत ओढायला सुरुवात करणं नव्हे. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि लवकर सुरुवात करणाऱ्यांना सवय जडण्याची शक्यता अधिक असते. वादात जिंकलेला मुद्दा शरीराला कळत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शोधता शोधता एखाद्या विकणाऱ्यांच्या ग्रुपवर पोचलास, तर तिथून लगेच बाहेर पड, गंमत म्हणूनही ऑर्डर देऊ नकोस. ‘माझं पाकीट दोन दिवस तुझ्या कपाटात ठेव’ असं जिवलग मित्र म्हणाला तरी नाही म्हण. नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे. आणि त्या मुलांपैकी कुणाला सुटायचं असेल, तर त्याला तोडू नकोस. अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्याच ६४ अ कलमात आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. पुण्यात तर सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे सोबत जायची वेळ आली, तर तू जा आणि मला कळव, मीही येईन.

तू कधी ओढलास की नाही, हे मी विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर रात्री-अपरात्री कधीही फोन कर, मी रागावणार नाही. स्पर्धेत बाजूने बोल, मनापासून बोल, पण विरुद्ध पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आधी स्वतः वाचून मग व्यासपीठावर चढ. आणि तुझ्या हातात कुणी चिलीम दिली, तर ती परत कर.

तुझा,
मामा