साखरेची गोळी कुठे काम करते?

शेजारीण म्हणते, "गोळ्या संपल्या? मग माझ्यातली एक घ्या. साखरेचीच आहे." ती मायेने देते. पण मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एक नसतात.

आधी शरीरात काय चालते ते पाहू. आपण भाकरी खातो, भात खातो. आतड्यात त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातून इन्सुलिन नावाचा रस रक्तात येतो. हा रस म्हणजे किल्ली. तो दारे उघडतो, साखर रक्तातून अंगात शिरते आणि आपले हातपाय चालतात. काही साखर यकृत साठवून ठेवते, कणगीत धान्य ठेवावे तशी. उपाशी वेळी ते ती थोडीथोडी बाहेर काढते. मधुमेहात किल्ली कमी पडते, किंवा किल्ली असून दार नीट उघडत नाही. मग साखर रक्तातच साचते.

आता गोळ्या. नावे जड आहेत खरी, पण संकरित बियाण्यांची नावे आपण पाठ करतोच की!

मेटफॉर्मिन ही गोळी यकृताच्या कणगीला आवर घालते. ती जेवणाबरोबर घ्यावी, नाहीतर पोट बिघडते.

ग्लिमेपिराइडची तऱ्हा वेगळी. ती स्वादुपिंडाला हाकते, "सोड इन्सुलिन!" आपण जेवलो की उपाशी आहोत, हे ती पाहत नाही. एकादशीला माणूस सवयीने सकाळी गोळी घेतो आणि तसाच शेतावर जातो. दुपारी घाम सुटतो, हातपाय लटलटतात, बोलणे भरकटते. कुणी म्हणते ऊन लागले, कुणी म्हणते बाहेरचे झाले. खरे तर साखर उतरलेली असते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. मग जेवू घालावे. या गोळीचा जोर बराच वेळ राहतो, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही ओतू नये, ते श्वासनळीत जाते. गाडी करून दवाखाना गाठावा. उपवास धरायचा तर आधी डॉक्टरांना विचारावे. देव काही रागावत नाही.

व्होग्लिबोज आतड्यातच काम करते. अन्नाची साखर ती सावकाश होऊ देते.

डापाग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. पूर्वी लघवीला मुंग्या लागल्या की लोक हा आजार ओळखत. ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीत साखर असायचीच, तिला भिऊ नये. पाणी प्यावे, अंग स्वच्छ ठेवावे. उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण तुटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

राहिली इन्सुलिनची सुई. ती बाहेरून दिलेली किल्ली. इन्सुलिन गिळले तर पोटात पचून जाते, म्हणून ते टोचून घ्यावे लागते. 1922 साली कॅनडात टोरोंटो येथे ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले. तोवर अशी मुले वाचत नसत. "सुई लागली म्हणजे संपले," असे लोक म्हणतात, ते आम्हाला मुळीच पटत नाही. मात्र सुई घेऊन उपाशी राहिले तरी साखर उतरते.

आज घरी गेल्यावर गोळ्यांचे पाकीट काढा. दवाखान्यातल्या बाईंना विचारून औषधाचे नाव वहीत मराठीत लिहा. शेजारी लिहा : जेवणाआधी की जेवणानंतर?