मस रखीशा : ‘एकच घर’ कोणाचे?

आपल्या तरुण मंडळींनी घर घ्यायचे ठरविले की ‘पहिलेच घर आहे, मस रखीशा माफ होईल ना?’ असा प्रश्न हमखास येतो. इस्रायलचा कायदा पहिले घर पाहत नाही, एकच घर पाहतो. पूर्वी घेऊन विकलेले घर आड येत नाही. एकच घर असल्यास सुमारे 20 लक्ष शेकेलपर्यंत कर नाही. दुसऱ्या घरास मात्र नोव्हेंबर 2021 पासून पहिल्या शेकेलपासूनच 8 टक्के ठेवले.

मुंबईतली खोली किंवा अलिबागकडचे वडिलोपार्जित घर यात धरीत नाहीत. त्याची धास्ती नको. नवरा, बायको व अठरा वर्षांखालील मुले मिळून खरेदीदार एकच मानतात.

आम्हांस काळजी वाटते ती निराळीच. कर वाचावा म्हणून वडील आपला दुसरा फ्लॅट मोठ्या मुलाच्या नावे अर्धा करतात. हौस वडिलांची, भुर्दंड मुलाला! एक तृतीयांशापर्यंतचा हिस्सा कायदा मोजीत नाही, वारसाने आलेला असेल तर अर्ध्यापर्यंतचा. पण असा दिलेला अर्धा हिस्सा मोजतो. पुढे लग्न होऊन तो 15 लक्षांचे घर घेऊ लागला, तर शून्याच्या जागी 1,20,000 शेकेल भरावे लागतात.

तेव्हा नावावर जे काही असेल ते वकिलास सहीपूर्वीच सांगावे. करारानंतर 30 दिवसांत मिसुय मकरकईन कचेरीत तसे लेखी द्यावेच लागते.