चुंबक शाळेतलं आणि स्कूटरमधलं

प्रश्न : चीनने चुंबकं अडवली म्हणून पुण्यात इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन रखडलं, असं 2025 मध्ये वाचलं होतं. चुंबक तर शाळेच्या प्रयोगशाळेतही असतं. ते आपल्याला बनवता येऊ नये?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम अशा सात धातूंच्या आणि त्यांच्यापासून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. जुलैत बजाज ऑटोने सांगितलं की, ऑगस्टमध्ये त्यांची एकही चेतक इलेक्ट्रिक स्कूटर तयार होणार नाही, अशी वेळ येऊ शकते.

शाळेतलं चुंबक आणि हे चुंबक यांची जातच वेगळी. भंगारात गेलेली जुनी हार्ड डिस्क मिळाली तर उघडून पाहा. आत चंदेरी मुलाम्याचा, चंद्रकोरीसारखा तुकडा असतो. बोटाएवढाच, पण स्क्रू-ड्रायव्हर चिकटला की ओढून काढताना दमछाक होते. असे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टवका उडतो, मध्ये बोट सापडलं तर रक्त येतं. स्कूटरच्या मोटरमध्ये याच जातीच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यात बहुतांश लोखंड, तीस टक्क्यांच्या आसपास निओडिमियमसारखे धातू आणि जरासं बोरॉन. पण मोटर तापली की हे चुंबक ढिलं पडतं. उन्हातान्हात घाट चढतानाही ते टिकावं म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. चीनने नेमकी तीच चिमूट धरली.

या धातूंना ‘दुर्मिळ’ म्हणतात, ते नाव फसवं आहे. पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. केरळात चवऱ्याच्या आणि ओडिशात छत्रपूरच्या किनारी वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यातून ते मिळतं. मोनाझाइटमध्ये थोरियमही असतं, म्हणून हे काम अणुऊर्जा खात्याच्या कडक नियमांखाली चालतं. आयआरईएल ही सरकारी कंपनी 1950 पासून त्यात आहे.

अडतं ते पुढे. एकमेकांसारखे वागणारे हे धातू वेगळे करायला आम्लं आणि द्रावकांच्या शेकडो टाक्यांमधून द्रावण फिरवावं लागतं. मग ऑक्साइडचा धातू, धातूचा मिश्रधातू, त्याची पिठाहूनही बारीक भुकटी. ही भुकटी हवेत पेट घेते! चुंबकीय क्षेत्रात दाबून, निर्वात भट्टीत भाजून, कापून, मुलामा देऊन पट्टी तयार होते. चीनने चार दशकं हे काम घोटून घेतलं. आज जगातली सुमारे नव्वद टक्के चुंबकं तिथली. आपण मात्र स्वस्त मिळतात म्हणून विकत घेत राहिलो. मला याची खंत वाटते, कारण वाळू आपल्याकडे होती.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 7,280 कोटींची योजना मंजूर केली. उद्दिष्ट वर्षाला 6,000 टन चुंबकांचं. पण आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम अगदी नगण्य. ते मुख्यतः दक्षिण चीनच्या आणि म्यानमारमधल्या काचिनच्या मातीतून येतं. त्यामुळे कारखाने उभे राहिले तरी ती चिमूट बाहेरून आणावी लागेल, नाहीतर तिच्यावाचून चालणारी मोटर बनवावी लागेल. हे धातू न लागणाऱ्या फेराइट चुंबकांच्या मोटरवर आपल्याकडे काम सुरू झालंय. ती जरा जड होते, पण तिच्यासाठी कुणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही.