आधी मुक्काम, मग गाडी

अगं, आई-बाबा जूनमध्ये अमेरिकेत येतायत, मुलांना शाळेची सुट्टी आहे आणि तुम्ही आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, भाड्याने घेऊन यलोस्टोनला जायचं म्हणताय, हे ऐकून मला फार आनंद झाला. आई-बाबांना इथे आल्यावर मॉल आणि आउटलेट दाखवत फिरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण सध्या तुमचं सगळं बोलणं गाडीबद्दल चाललंय. किती फुटी घ्यायची, बेड किती, आत शॉवर कसा आहे. गाडी मिळते गं. जागा मिळत नाही. म्हणून आधी कॅम्पग्राउंड ठरव आणि त्याच्या मापाने गाडी घे.

आणि ठरवताना फोटोंवर जाऊ नकोस. तळ्याकाठचा सूर्यास्त सगळ्याच जाहिरातींत असतो. तू आईचा विचार कर. तिला रात्री उठावं लागतं, गुडघा दुखतो, परक्या जागी अंधारात पायऱ्या उतरायची भीती वाटते. बाबांना सकाळी कडक गरम पाण्याची आंघोळ झाल्याशिवाय चैन पडत नाही. धाकट्याचं शी-शू अजून वेळकाळ बघत नाही. या तिघांची रात्र जिथे नीट जाईल ती जागा चांगली. तुम्ही दोघं कुठेही झोपाल.

म्हणून पहिला प्रश्न हुकअपचा. फुल हुकअप म्हणजे साइटवरच वीज, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जोडणी. ही सोय राष्ट्रीय उद्यानांत गृहीत धरू नकोस. योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही आणि शॉवरही नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मॅथर आणि ट्रेलर व्हिलेज ही दोन कॅम्पग्राउंड अगदी जवळजवळ आहेत. मॅथरमध्ये हुकअप नाही, ट्रेलर व्हिलेजमध्ये सगळं आहे. आणि तुमच्या यलोस्टोनमध्ये फुल हुकअप फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये मिळतं. तिथे अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबूला परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. आईला हे नीट सांग, तिला त्यात धीरच वाटेल.

हुकअप नसलं तर काय होतं, तेही ऐक. सहा माणसांनी रोज आंघोळ केली, भांडी घासली, तर टाकीतलं पाणी बघता बघता संपतं आणि सांडपाण्याची टाकी भरते. मग सगळा संसार आवरून गाडी डंप स्टेशनला, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, न्यायची. एसी आणि मायक्रोवेव्हला जनरेटर लागतो, आणि तो ठरलेल्या तासांतच चालवता येतो. रात्री तर नाहीच. थंडीत हीटर प्रोपेनवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरी खातो. यलोस्टोनचा बराचसा भाग सात-आठ हजार फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर, म्हणजे अंदाज कर. जूनमध्येही तिथे रात्री पारा गोठणबिंदूपाशी जातो, कधी बर्फही पडतो. अशा रात्री पहाटे बॅटरी बसली तर आई-बाबांनी काय करायचं? बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा एवढ्या उंचीबद्दल निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घे.

वीज मिळाली तरी ती किती, हे बघ. तीस अँपच्या जोडणीवर साधारण 3,600 वॉट मिळतात. एसी चालू आहे, इंडक्शनवर कुकर चढवलाय, त्यात कुणी चहाची किटली लावली की ब्रेकर पडलाच. गाडीत गॅसची शेगडी असते, पिठलं-भात तिच्यावर कर.

आता लांबी. प्रत्येक साइटला फुटांची मर्यादा असते आणि मागे लावलेला सायकलींचा रॅकही त्यात मोजतात. मॅथरमध्ये तीस फुटांच्या वर गाडी चालत नाही. रस्त्यांनाही मर्यादा असतात. पुढच्या वर्षी ग्लेशियरला जायचं म्हणतेस ना, तिथला गोइंग-टू-द-सन रोड घाटाच्या भागात 21 फुटांहून लांब गाड्यांना बंद असतो. मोठी आरव्ही घेतली तर ती साइटवर ठेवून दुसऱ्या वाहनाने जावं लागेल. माझं ऐकशील तर एक साधी कारही बरोबर असू दे. यलोस्टोनचा ग्रँड लूप हा मुख्य रस्ता साधारण 142 मैलांचा आहे. रोज सकाळी पाण्याची नळी, विजेची वायर काढून घरच्या घर फिरवण्यात अर्धा दिवस जातो आणि पार्किंगही मिळत नाही. साइट पुल-थ्रू बघ, म्हणजे एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने निघायचं. पहिल्याच सहलीत अंधारात गाडी रिव्हर्स घेणं नको.

उद्यानाच्या आत की बाहेर? बाहेर वेस्ट यलोस्टोन, गार्डिनरच्या बाजूला खाजगी आरव्ही पार्क आहेत. 1962 मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये सुरू झालेल्या केओएसारख्या साखळ्यांकडे गरम शॉवर, कपडे धुण्याची यंत्रं, मुलांना खेळायला जागा असते. रान मात्र आतच. पहिल्या आणि शेवटच्या रात्री बाहेर राहा, मधल्या आत. खाजगी जागा घेताना उपग्रहाच्या नकाशावर आजूबाजूला बघून घे. पुष्कळ पार्क हायवेला किंवा रेल्वेच्या रुळाला खेटून असतात.

साइटचा नंबर निवडता येत असेल तर स्वच्छतागृहापासून दोन-तीन जागा सोडून घे. अगदी शेजारी घेतलीस तर रात्रभर दिवा आणि दाराची आदळआपट. डंप स्टेशनजवळची तर घेऊच नकोस. उताराची नको, गाडी समपातळीत नसली की आईला चालतानाही तोल जाईल. मोबाइलची रेंज कुठे मिळते आणि जवळचा दवाखाना कुठे आहे, हे घरूनच लिहून ठेव.

तुझी कुणी मैत्रीण तंबू घेऊन जाणार असेल तर तिलाही एक सांग. योसेमिटीत खाण्याचं सगळं सामान लोखंडी लॉकरमध्ये ठेवावंच लागतं, आणि अस्वलाला वास येणारं सगळंच त्यात आलं: चिवड्याचा डबा, तूप, टूथपेस्ट, वासाचं खोबरेल तेल, उदबत्तीसुद्धा. आरव्हीत सामान आत ठेवून खिडक्या-दारं घट्ट लावायची.

तुझ्या सासूबाई बरोबर येणार असतील तर त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे ना, मग त्यांचा राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास काढ. 62 वर्षं पूर्ण झालेल्यांना तो मिळतो आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या आई-बाबांना मात्र तो मिळत नाही.

बुकिंगला उशीर करू नकोस. सरकारी जागा रिक्रिएशन डॉट गव्हवर बहुधा सहा महिने आधी खुल्या होतात. योसेमिटीच्या खोऱ्यातल्या पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला, आणि काही मिनिटांत संपतात. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजचं आरक्षण तिथल्या लॉज चालवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर करावं लागतं. जागा भरल्या असल्या तरी हात टेकू नकोस, लोकांचे बेत बदलतात, रद्द झालेल्या जागा पुन्हा दिसतात. रोज सकाळी एकदा बघत राहा.

आज मुलं झोपली की आई-बाबांच्या तिकिटाच्या तारखा घेऊन मला फोन कर. नकाशा उघडून आपण दोघी साइट निवडू. गाडीचं मग तुमचं तुम्ही बघा.